वार केव्हा बदलतो

हणम्या, तुला जाऊन आठवडा झाला आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलोच आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्याला एकदा तुझा कोड स्वतःच्या लॅपटॉपवर चालू करायला बसवला पाहिजे, मग कळेल.

कुपवाडच्या आपल्या खोलीतूनच लिहितोय. खाली लेथ सुरू आहेत, वर तोच तेलाचा वास, तोच खडखडाट. तुझी खुर्ची मी भिंतीकडं सरकवून ठेवलीय, कारण मान वळवली की ती दिसायची. चहावाल्या मामांनी परवा सवयीनं दोन कप आणले. एक माझ्यापुढं ठेवला, दुसरा हातात धरून उभे राहिले, आणि शेवटी तिथंच उभ्यानं पिऊन गेले. दमलोय गड्या. झोप होते, जेवण होतं, पण दमणूक काही जात नाही.

तुझ्या दहाव्याला लोक मला विचारणारच, तुम्ही दोघं तिथं नेमकं करत काय होता. सावडायच्या दिवशीही तुझ्या चुलत्यांनी विचारलं, "कंप्युटरचं दुकान हुतं न्हवं तुमचं?" मी व्हय म्हणालो. तेव्हा समजावून सांगायचं त्राण नव्हतं. आता तुलाच सांगून बघतो. चुकलो तर चुकलो.

आपण एक भाषा करत होतो. बोलायची नव्हे, यंत्राला सांगायची. कृष्णाकाठच्या पाणीसंस्थांमध्ये कुणाच्या उसाला कधी पाणी, कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, हे संस्थेच्या पाटकऱ्यानं, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसानं, साध्या मराठीत लिहायचं आणि नदीवरच्या मोटारीशेजारच्या पेटीनं ते समजून करायचं. या भाषेचं नाव तू ठेवलंस, 'बारी', म्हणजे पाण्याची पाळी. मी तिचे नियम लिहायचो, म्हणजे कुठलं वाक्य चालेल, कुठलं चालणार नाही आणि त्याचा अर्थ काय घ्यायचा. पाटकरी ज्यात लिहितो तो एडिटर तुझा. अर्धा शब्द लिहिला की पुढचा सुचवणारा, चुकलं की खाली रेघ ओढणारा. आणि सगळ्या टेस्ट तुझ्या. टेस्ट म्हणजे 'बारी'तलं एक वाक्य, आणि त्यातून काय घडायला पाहिजे ते. तसं घडलं की हिरवी खूण, नाही घडलं की लाल. एवढंच. चुलत्यांना एवढं सांगितलं तर पुरेल ना रे?

दुष्काळी माणमधला माणूस पाण्याच्या बाऱ्या लावायची भाषा करतोय याचं मला सुरुवातीला हसू यायचं. दहिवडीच्या पुढं तुझं गाव, तिथं बाभळी आणि शेरडं. मी एकदा म्हणालोही, की तुमच्यात पाणीच नाही तर बारी कसली. तू चिडला नाहीस. म्हणालास, "आमच्यात टँकर यायचा तवा आई हंडं रांगंत लावून शेरडामागं जायाची. बारी चुकली की काय हुतंय ते तुला काय कळणार, तुझ्या दारात कृष्णा हाय." मी सांगलीत वाढलो, अब्बांचं मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान. पाणी मला नळातून आणि पुरातून माहीत. त्यानंतर ती थट्टा मी पुन्हा केली नाही.

आता रागाचं कारण सांगतो. तुझा लॅपटॉप तुझे भाऊ तानाजीदादा गावी घेऊन गेले. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. मावशींनी तो तुझ्या टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवलाय म्हणे. तुझी आई मुलाची वस्तू उराशी धरून बसलीय आणि मी तिला 'मावशी, तेवढा लॅपटॉप द्या' म्हणू? जीभच रेटली नाही. तसा कोड आपल्या दोघांच्या सामायिक जागेवर होता, हरवलं काहीच नव्हतं. पण 'बारी' बांधून, तपासून, संस्थेला द्यायजोगी करायचं काम कायम तुझ्याच मशिनवर व्हायचं. आणि वाळव्याकडच्या आपल्या संस्थेची रातपाळी सोमवारपासून लागणार होती. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मागच्या रातपाळीला झाला तो घोटाळा पुन्हा झाला असता, तर संस्थेनं ती पेटी उपटून नदीत टाकली असती. वसंतआप्पा पाटकऱ्यांनी शुक्रवारी सकाळी फोन केला. आधी तुझ्याबद्दल बोलले, बराच वेळ बोलले. मग अवघडून म्हणाले, "ह्या टायमाला इचारू न्हाई, पर सोमवारी रातची लाईट हाय बगा."

म्हणून शुक्रवारी मी माझ्या लॅपटॉपवर सगळी मांडामांड करायला घेतली. आयडीई म्हणतात ती आपली कामाची खिडकी. तिच्यातच कोड लिहायचा, तिच्यातच तपासायचा, तिच्यातच चालवून बघायचा. ती उतरवून घेतली. मग तू लिहून ठेवलेली 'सेटअप कसा करायचा' ही फाइल उघडली. चार ओळी. त्यातल्या तीन मला माहीत होत्या, आणि चौथी होती, 'बाकीचं हणमंताला विचारा.'

मी हसलो लेका. खरंच हसलो. मग उठून गॅलरीत गेलो आणि खालच्या लोखंडाच्या ढिगाकडं बघत उभा राहिलो.

पहिला फटका तुझ्या फोल्डरनं दिला. जगात कोण फोल्डरला देवनागरीत नाव देतं रे? बिल्ड करणाऱ्या, म्हणजे कोड जोडून बांधणाऱ्या, अर्ध्या साधनांना ते वाचताच येत नाही. 'बारी'च्या जागी त्यांना चौकोन दिसतात आणि ती फाइल सापडत नाही म्हणून ओरडतात. तुझ्या मशिनवर कसं चालायचं? तू कुठंतरी एखादी सेटिंग फिरवून ठेवली असणार आणि विसरून गेला असणार. मी फोल्डरचं नाव इंग्रजीत केलं, तर टेस्ट बोंबलायला लागल्या, कारण त्यांच्यात जुनं नाव होतं. ते बदललं, तर ज्यावर हे सगळं चालतं त्या जावाची आवृत्ती नवी निघाली. जुनी आणली. मग खालची पट्टी सरकायला लागली, काय काय डाउनलोड करत, आणि आपल्या इथलं नेट तुला माहीतच आहे. शेवटी टेस्ट चालल्या, पण सगळे निकाल प्रश्नचिन्हांत. एका ओळीत चाळीसेक प्रश्नचिन्हं. मराठी अक्षरं नीट दाखव म्हणून आणखी एका ठिकाणी सांगावं लागतं, आणि ते ठिकाण शोधण्यात माझा शनिवार गेला.

दर वेळी हात फोनकडं जायचा. सवयच ती. तुझं नाव वर असायचं. दोनदा तर मी ते दाबलंसुद्धा, आणि रिंग वाजायच्या आत बंद केलं. टॉवेलातला लॅपटॉप ठीक आहे, पण तुझा फोन मावशींच्या उशाशी आहे.

शनिवारी दुपारी मात्र एक गोष्ट झाली. आपला एडिटर हा त्या कामाच्या खिडकीला, म्हणजे मोठ्या एडिटरला, जोडायचा तुकडा. तो तपासायला मोठा एडिटर स्वतःतून दुसरा एडिटर उघडतो, कोरा, आणि त्यात आपली करामत दिसते. तो उघडला. मी त्यात मुद्दाम अर्धवट वाक्य लिहिलं, वेळ न घालता. खाली रेघ आली आणि तिच्यावर तुझा संदेश आला, "आवं, टाइम लिवायचा ऱ्हायला न्हवं का?"

या संदेशांवरून आपण किती भांडलो होतो. मी लिहिलं होतं, 'त्रुटी: वेळ अपेक्षित.' तू म्हणालास, हे काय, सरकारी हापिसातनं हाकलल्यागत वाटतंय. आप्पांचं वय काय, तू त्यांना त्रुटी म्हणतोस? मी म्हणालो, यंत्रानं यंत्रासारखं बोलावं. तू ऐकलं नाहीस आणि मला न विचारता सगळे बदलून टाकलेस. शनिवारी मी ते एकेक करून वाचले. मुद्दाम चुकत गेलो. वार चुकवला, व्हॉल्व्हचा नंबर चुकवला, एकच व्हॉल्व्ह दोनदा उघडला. "आवं, ह्यो तर आदीच उगडलाय." प्रत्येक चुकीला तुझा आवाज. खालच्या लेथवाल्यानं वर येऊन विचारलं, काय झालं, बरं आहे ना? मी म्हणालो, बरं आहे. तेव्हा कुठं मला कळलं की मी रडतोय.

तुला पाचगणी आठवते? स्ट्रॉबेरीवाल्या बागायतदारांना 'बारी' दाखवायला माझ्या मोटारसायकलवरून गेलो होतो. पसरणीच्या घाटात तुझ्या हातातला लॅपटॉप पडता पडता वाचला. तिथं तू अर्धा तास मन लावून दाखवलंस, ठिबकचं वेळापत्रक काय, सुचवणं काय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, द्रोणात स्ट्रॉबेरी दिल्या आणि विचारलं, "इंग्लिशमध्ये नाही का?" परतताना वाईत चहाला थांबलो तेव्हा म्हणालास, "अस्ल्या, ह्येंच्या पोरास्नी शाळा इंग्लिश, पर मोटर चालू करणारा गडी कोण हाय? आपल्याला त्यो पायजे." मी मान हलवली. खरं सांगू का, त्या दिवशी मी हे सगळं सोडून पुण्यात नोकरी बघायच्या विचारात होतो. तुझ्यामुळं राहिलो. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू लय लाडात आला असतास.

बरं. आता भांडणाकडं येतो, कारण सगळं त्याच्यावर अडलं होतं.

मागच्या रातपाळीला आप्पांनी लिहिलं होतं, 'मंगळवारी रात्री दोन वाजता खालच्या मळ्याचा व्हॉल्व्ह उघड.' पेटीनं उघडला, लिहिल्याप्रमाणं, अगदी मिनिटावर. पण एक रात्र आधी. कारण यंत्राचा मंगळवार सोमवारी रात्री बारा वाजता सुरू होतो, आणि मंगळवारचे दोन म्हणजे आपण ज्याला सोमवारची रात्र म्हणतो ते. आप्पांना पाहिजे होती मंगळवारचा दिवस मावळल्यानंतरची रात्र. मंगळवारी त्या मळ्यात ऊसतोड होती. सकाळी तोडकरी आले तर गुडघाभर चिखल. ट्रॅक्टरची ट्रॉली आत घातली ती तिथंच रुतली, बायका-पोरं दिवसभर बांधावर बसून राहिली, आणि मळ्याचा मालक आप्पांच्या अंगावर धावून गेला. बिचाऱ्या आप्पांना कळेना, आपलं चुकलं काय.

मी म्हणालो, नियम बरोबर आहे, लिहिणं चुकलं. एडिटरनं आप्पांना थांबवावं, म्हणावं, रात्री दोन म्हणजे बुधवार येतो, वार दुरुस्त करा. तू ताडकन उठलास. "वार दुरुस्त करा? मानूस जागा हाय, जेवलाय मंगळवारी, निजला न्हाई अजून, आन त्येला तू बुधवार म्हनाय लावतोस? आमच्या आईला इचार. तांबडं फुटल्याबिगर दुसरा वार हुतोय व्हय?"

मी म्हणालो, तांबडं रोज वेगळ्या वेळी फुटतं. यंत्राला एक ठाम रेघ लागते.

तेव्हा तू तो डाव टाकलास. "तुज्या घरात कवा बदलतोय रं दिवस? अम्मी गुरवारी सांच्यालाच जुम्मेरात, म्हंजी शुक्रवारची रात, म्हनत्यात का न्हाई? तुमच्यात मावळतीला बदलतोय, आमच्यात उजाडताना. मग ह्ये बारा कुनाचं आनलंस?"

मी उत्तर दिलं, आणि ते मला आजही पटतं. बारा कुणाचेच नाहीत, म्हणूनच ते सगळ्यांना चालतात. ज्या क्षणी यंत्र एका घराचा दिवस धरील, त्या क्षणी ते दुसऱ्या घराला चुकीचं ठरवील. तू खुर्ची फिरवून कामाला लागलास. मला वाटलं, पटलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर तू एक नवी टेस्ट लिहून ठेवलेली. नाव काय, 'रात सरल्याबिगर वार बदलत न्हाई'. आत दोन वाक्यं. मंगळवारी रात्री तीन, आणि बुधवारी पहाटे तीन. दोन्हींनी व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडला पाहिजे. माझ्या नियमात ती पास होणं शक्यच नव्हतं. वर तू बिल्डला सांगून ठेवलंस की एक जरी टेस्ट लाल असली तरी संस्थेला द्यायची फाइल तयार करायची नाही. म्हणजे मी तुझं ऐकेपर्यंत दुकान बंद.

मी म्हणालो, काढ ती. तू म्हणालास, "तू काड की. हात कुनी धरलाय?" आणि दात काढलेस. मी काढली नाही. माझाही हट्ट, की तूच तुझ्या हातानं काढायचीस.

त्याच आठवड्यात तुला ताप आला.

दवाखान्याचं जास्त लिहीत नाही. साधा ताप आहे, आईला कळवू नको, ती शेरडं सोडून धावत येईल, असं तू म्हणालास आणि मी ऐकलं, कारण तेव्हा तो साधाच वाटत होता. मंगळवारी दुपारी डॉक्टरांचा चेहरा बदलला. दादांना मुंबईला फोन केला, ते निघाले. संध्याकाळी तू नीट बोलत होतास. ओठ सुकले होते, पण बोलत होतास, आणि बोलत काय होतास, तर टेस्टबद्दल. "आप्पास्नी तारखा शिकवत बसू नगंस, अस्ल्या." मी म्हणालो, आधी बरा हो, मग भांडू. तू डोळे मिटूनच हसलास. "मग म्हंजी कवा? वार सांगत जा." ते आपलं शेवटचं बोलणं. त्याच रात्री दीडच्या सुमाराला तू गेलास. दादा तेव्हा कराडच्या अलीकडं कुठंतरी एसटीत होते. उजाडल्यावर मावशींना मीच फोन केला. काय बोललो, कसं बोललो, मला आठवत नाही.

तर रविवारी सकाळी माझी मांडामांड पुरी झाली. जावा बरोबर, अक्षरं बरोबर, फोल्डर बरोबर. टेस्ट चालवल्या. तुझ्या त्या शेकडो टेस्ट, एकामागून एक, हिरवी खूण, हिरवी खूण. आणि शेवटी ती एक लाल. बिल्ड थांबला.

हाताशी दोन वाटा होत्या. ती टेस्ट काढायची, माझा 'वार दुरुस्त करा' घालायचा आणि आप्पांना द्यायचं. अर्ध्या तासाचं काम. किंवा तुझं ऐकायचं. आणि मी हलेना गड्या. टेस्ट काढली तर तुझं तोंड बंद केल्यासारखं, आणि तेही तू उलट बोलू शकत नसताना. ऐकलं तर दया केल्यासारखं. मेलेल्या माणसाचं मन राखलं म्हणून लोकांच्या उसाला पाणी द्यायचं असतं का? तू असतास तर असल्या कारणासाठी दिलेला होकार माझ्या तोंडावर फेकून मारला असतास. मला पटलं तरच मी ऐकणार होतो, आणि मला पटत नव्हतं. लॅपटॉप तसाच उघडा टाकून मी जेवायला घरी गेलो.

जेवताना तानाजीदादांचा फोन आला. आवाज थकलेला. पाहुण्यांना दहाव्याचा मेसेज टाकायचा होता आणि घरात वाद लागला होता. दादा म्हणाले, "दवाखान्याच्या कागदावर बुधवार लिवलंय. त्या हिशेबानं दहावा शुक्रवारी येतोय. आई म्हनती गुरुवार. ती मंगळवारच धरून बसलीया. तू तितं हुतास, तूच सांग तिला."

मी घास हातात धरून बसलो. तोंडात उत्तर तयार होतं. बारानंतर बुधवार. मी इतके दिवस तेच तर बोलत होतो.

तेवढ्यात मावशींनी फोन घेतला. रडत नव्हत्या. उलट रागावल्या होत्या, दादांवर. म्हणाल्या, "आरं, कागदाचं काय सांगतोस मला. ह्या अस्लमनंच सांगितलं न्हवं? 'मावशी, मंगळवारी रात्री गेला आपला हणम्या.' आसंच म्हनलास न्हवं रं लेकरा? माज्या कानात अजून तसंच हाय."

मी म्हणालो, "व्हय मावशी."

"मग?"

"मंगळवारच मावशी. दहावा गुरुवारी."

फोन ठेवला तर अम्मी माझ्याकडं बघत होती. मी ताट सरकवलं आणि कुपवाडला परत आलो.

हणम्या, मी तिथं होतो. डॉक्टर दार उघडून बाहेर आले तेव्हा समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि मी ते बघितलं होतं. बारा कधीच होऊन गेले होते. पण संध्याकाळी तू ज्या दिवशी माझ्याशी बोललास तोच दिवस चालू होता, माझ्यासाठी तो संपलाच नव्हता. मी दुपारच्या डब्यातली तीच भाजी बाकावर बसून खाल्ली होती, अंगात तोच शर्ट होता. म्हणून ज्या वेळी मला नियम आठवायचं कारण नव्हतं, त्या वेळी माझ्या तोंडून मंगळवारच निघाला. आणि मावशींनाही मंगळवारच कळला. आप्पा लिहितात तसंच मी बोललो. मला कुणी म्हणालं असतं, वार दुरुस्त करा, तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

मग मी तुझं ऐकलं. दया म्हणून नव्हे, शप्पत. वाक्यात 'रात्री' असेल आणि वेळ बाराच्या पुढची असेल तर ती आदल्या दिवसाला जोडायची, 'पहाटे' असेल तर उजाडणाऱ्या दिवसाला. माणूस जो शब्द वापरील तोच धरायचा, मधे आपण बोलायचं नाही. ठाम रेघ पाहिजे म्हणून मी ओरडत होतो, ती माणसांच्या बोलण्यातच होती. चहा गार व्हायच्या आत लिहून झालं. एवढ्याशासाठी आपण इतके दिवस एकमेकांचं डोकं खाल्लं. टेस्ट पुन्हा चालवल्या, वरपासून खालपर्यंत हिरव्या. फाइल तयार झाली आणि मी ती आप्पांना पाठवून दिली.

खरं सांगतो, आनंद झाला नाही. ती लाल ओळ होती तोवर तुझं माझ्याशी काहीतरी चालू होतं. आता तिथं सगळीकडं सारखंच दिसतंय.

काल सोमवारी रातपाळी लागली. आज सकाळी आप्पांचा फोन आला, मागं पाण्याचा आवाज येत होता. "उघडला बगा. सोमवारी रात्री लिवलं, सोमवारीच रात्री उघडला. बारी चुकली न्हाई." मग म्हणाले, "हणमंतरावांचंच डोकं न्हवं ह्ये?" मी व्हय म्हणालो. परवा गुरुवारी तुझ्या दहाव्याला तेही येणार आहेत, दहिवडीची वाट विचारत होते.

फोन ठेवल्यापासून मी इथं नुसता बसून आहे. हरलो, हे तुला सांगून झालं. आता तू काहीतरी बोल ना रे. खुर्ची फिरव, टेबलावर थाप मार, खालच्या लेथवाल्यांना ओरडून सांग की अस्ल्या हरला. काहीही कर. जिंकल्यावर गप्प बसणारा माणूस तू कधीच नव्हतास.